साखर उतरली तेव्हा

आमच्या मालकांची साखर उतरली त्या आठवड्यात मी मारुतीपुढे नारळ फोडला आणि गल्लीत पेढे वाटले. साखर उतरल्याच्या आनंदात पेढे, यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही आणि खाणाऱ्यांनाही वाटलं नाही. शेजारणीने दोन उचलले, एक तोंडात टाकला आणि म्हणाली, "मालकांच्या हाताला गुण हाय बाई." मला फार बरं वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याचं कौतुक दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मला आवडतं. त्यांच्या समोर मी तोंड वाकडं करते, ते वेगळं.

आमचं घर कुरुंद्याजवळ. रान पाण्याखालचं आणि रानात हळद. आमच्या भागात सगळ्यांचीच हळद, त्यामुळे इथे हळदीबद्दल कुणी कुणाला शिकवायला जात नाही. मालकांची गोष्ट मात्र निराळी. बेणं कुठून आणायचं, सरी किती रुंद पाडायची, शिजवायला कधी घ्यायची, हे विचारायला चार गावांचे लोक आमच्या ओट्यावर येऊन बसतात. मालक सांगतात आणि ते सहसा चुकत नाहीत. न चुकणाऱ्या माणसाबरोबर संसार करणं फार अवघड. अधूनमधून त्याने चुकावं, म्हणजे बायकोला बोलायला जागा राहते. मला ती जागा फारशी मिळाली नव्हती.

साखर त्यांना चाळिशी उलटल्यावर लागली. अंगठ्याला खुरपं लागलं होतं, ती जखम काही केल्या भरेना. वसमतला दाखवलं तर डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि गोळ्या चालू केल्या. मालकांनी त्या घेतल्या, पण मनापासून नाही. सकाळी गोळी तळहातावर घेऊन ते तिच्याकडे असं बघायचे की जणू कुणी त्यांना खोटं नाणं दिलंय. दवाखान्यात जायचे ते फक्त साखर तपासायला. डॉक्टर म्हणायचे, वर्षातून एकदा लघवी तपासा, किडनीची तपासणी करा. मालक मान डोलवायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "साखरेचा दुखणा हाय, साखर पाहिली की झालं. किडनीचं काय काम?" दुखणं मालकांच्या तोंडी नेहमी 'दुखणा' असतं. अशी कितीतरी वर्षं गेली. साखर कधी वर, कधी मध्ये, आणि आमचं बरं चाललंय असं आम्ही समजून चाललो होतो.

हळदीचं खूळ मोंढ्यातून आलं. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, मालक माल घेऊन गेले असता तिथे कुणीतरी बोललं की आपली हळद परदेशात जाते आणि तिकडे तिची औषधं होतात. मग फोनवर एकामागून एक तसेच व्हिडिओ यायला लागले. मालकांना जे हवं होतं ते सापडलं. जेवताना मला म्हणाले, "औषध आपल्या रानात पिकून राहिलं आन आपण दुकानातून गोळ्या आणून राहिलो. हे कोणतं शहाणपण?"

मी म्हणाले, "भाजीत टाकतेच की रोज."

"भाजीतली हळद शिजवलेली. शिजवताना तिचा सगळा कस पाण्यात जातो."

आता हे ज्यांनी हळद काढली आहे त्यांनाच सुचावं. आमच्याकडे काढलेली हळद आधी शिजवतात, मग वाळवतात, मग ढोलात घालून पॉलिश करतात, तेव्हा ती बाजारात जाते. शिजवायची टाकी ट्रॅक्टरमागून ओढून आणतात, तिला आम्ही कुकर म्हणतो. मालकांनी ठरवलं की औषधाची हळद कुकरला दाखवायचीच नाही. घरच्या वापरासाठी आणि लग्नकार्यासाठी चांगली हळद बाजूला काढायची रीत सगळ्याच घरांत आहे. त्यांनी त्यातले जाडजूड, टवटवीत कंद निवडले, स्वतः धुतले, पातळ चकत्या करून माळवदावर वाळवले आणि गिरणीत उभं राहून दळून आणले. गिरणीवाल्याला आधी जातं पुसायला लावलं. हा सगळा उद्योग ते इतक्या मन लावून करत होते की मलाही विश्वास बसला. माणूस एखादी गोष्ट निगुतीने करतो, तेव्हा ती बरोबरच असणार असं वाटतं. मग सकाळी एक मोठा चमचा, संध्याकाळी एक मोठा चमचा, कोमट पाण्यात. पुढे चमच्यावर शीग यायला लागली.

दोन वर्षं हे चाललं आणि खरंच साखर उतरली. एके दुपारी रानातून लवकर परत आले, अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. मी गूळ-पाणी दिलं. जरा स्थिरावल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते भलतंच होतं. ते हसत होते. साखर बघायच्या घरच्या मशीनवर बोट टोचून पाहिलं तर साखर कमी. "पाहिलं का," म्हणाले, "चूर्ण आन गोळी दोन्ही जादा होऊन राहिलं." त्या दिवसापासून त्यांनी गोळी अर्धी केली. काही महिन्यांनी एक गोळी बंदच केली. तरी साखर वर जाईना. तेव्हाचे ते पेढे.

मग काय विचारता. बेण्यासाठी येणारे लोक चूर्णासाठी यायला लागले. मालक फुकट द्यायचे, कागदाच्या पुडीत बांधून, आणि वर पथ्य सांगायचे. पलीकडच्या तांड्यावरची एक बाई आमच्या रानात हळद काढायला येते, तिलाही साखर होती. तिला त्यांनी मोठी पुडी दिली. मी ओट्याच्या आत उभी राहून हे सगळं ऐकायची आणि खरं सांगते, मला अभिमान वाटायचा.

पाय सुजायला लागले ते आम्ही हंगामाच्या खात्यावर टाकले. हळद शिजवायच्या दिवसांत माणूस दिवसभर उभा असतो, कुकरची धग असते, पाय सुजणारच. कंबर दुखली की सगळ्यांसारखी तेही दुखण्याची गोळी घ्यायचे. त्या दिवसांत आमच्याकडे अशा गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात. लघवीला फेस यायचा, हे त्यांनीच मला सांगितलं, तेही आनंदाने. म्हणाले, "आतली घाण बाहेर पडून राहिली. चूर्णाचा गुण." मी संडासात बादलीभर पाणी ओतायची तरी तो फेस बसायचा नाही.

आमची लेक डोंगरकड्याला दिली आहे. ती चार दिवसांसाठी माहेरी आली. बापाच्या पायाशी बसून गप्पा मारता मारता तिने त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. तिने पुन्हा दुसऱ्या पायावर दाबून पाहिलं.

"बाबा, हे कवापासून?"

"हळद शिजून राहिली ना. उभं राहून होतं."

"हळद आता शिजून राहिली. तुमच्या पायात दिवाळीलाच चप्पल जात नव्हती."

बापाला असं तोंडावर बोलणारी आमच्या घरात ती एकटीच. तिच्या सासरी दिराच्या किडन्या गेलेल्या, त्याच्या पायावरचे असे खड्डे तिने पाहिले होते. मग तिने फेसाबद्दल विचारलं. मी सांगितलं तशी ती उठली आणि बापाची पिशवी भरायला लागली. मालक म्हणाले, हंगाम झाल्यावर जाऊ. ती म्हणाली, "हंगाम आई पाहील." मी पाहणारच होते, पण मला कुणी विचारलं नाही याचा रागही आला.

वसमतला रक्त-लघवी तपासली. ते बघून तिथल्या डॉक्टरांनी लगेच नांदेडच्या किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तेव्हा मात्र लेकीने मुक्काम वाढवून हंगाम हातात घेतला आणि मालकांबरोबर मी गेले. त्या डॉक्टर म्हणजे आमच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. बोलणं शांत, पण प्रश्न एकही सोडायच्या नाहीत. कधीपासून साखर, कुठल्या गोळ्या, रक्तदाब कधी तपासला, दुखण्याच्या गोळ्या किती, गावठी औषध काही. गावठी औषधावर मालक ताठ बसले आणि सगळं सांगितलं, कंद निवडण्यापासून गिरणी पुसण्यापर्यंत. त्यांना वाटलं होतं की डॉक्टर ते लिहून घेतील. शेवटी म्हणाले, "साखर तर उतरली ना, डॉक्टर. ते तर तुमीबी पाहून राहिले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, अंगात तयार होणारं इन्सुलिन आणि तुमच्या गोळ्यांचा अंश शरीरातून काढून टाकायचं बरंचसं काम किडनी करते. तुमच्या किडनीचं काम मंदावलं, म्हणून ते शरीरातच रेंगाळत राहिलं आणि साखर खाली आली. तुम्हाला घाम फुटला, हात थरथरले, ते त्यामुळेच. साखर बरी झाली म्हणून कमी झाली नाही. किडनी बिघडली म्हणून कमी झाली."

मी मालकांकडे पाहिलंच नाही, कारण मला पेढे आठवले आणि लाज वाटली. रागही आला, कुणाचा ते कळेना. ज्या गोष्टीसाठी मी देवापुढे नारळ फोडला ती गोष्टच दुखणं होती. गेली काही वर्षं आम्ही रोग वाढण्याचा आनंद करत होतो.

डॉक्टर पुढे म्हणाल्या की साखरेने किडनी बिघडते ती सावकाश, तुमची जरा वेगाने बिघडली आहे. इतकी कच्ची हळद रोज पोटात गेली तर तिच्यातल्या एका क्षाराचे खडे, डोळ्यांना दिसणारही नाहीत असे बारीक, किडनीत अडकू शकतात. किती नुकसान साखरेचं आणि किती त्याचं, हे नक्की कळायला किडनीचा बारीक तुकडा काढून तपासावा लागेल. त्यावर उपचार ठरेल.

मालकांनी लगेच होकार दिला. मला वाटलं धीट आहेत. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाले, "मला हेच पाहाचं हाय. माझ्या हळदीनं केलं का, तेवढं कळू दे." किडनी राहील की जाईल यापेक्षा त्यांना हळद दोषी की निर्दोष याची काळजी जास्त होती. मी बोलणार होते, पण दवाखान्यात गर्दी होती.

तुकडा काढायला त्यांना पालथं झोपवलं, पाठीची जागा बधिर केली आणि सोनोग्राफीत बघत बघत सुई घातली. मला आत येऊ दिलं नाही. नंतर डॉक्टरांनी दाखवलं, तुकडा कसला, दोऱ्याएवढं लांबट काहीतरी. एवढ्याशा दोऱ्यावरून माणसाच्या पुढच्या आयुष्याचं ठरतं हे मला पटत नव्हतं. दिवसभर उताणं पडून राहायला सांगितलं होतं आणि लघवीत रक्त येतं का ते बघायचं होतं. पडून राहणं हे मालकांच्या स्वभावात नाही. सारखे विचारायचे, कुकर आला असंल का, कोण असंल तिथं. मी म्हणाले, "लेक हाय. तुमच्यापेक्षा बराबर शिजवंल." लाल लघवी आली नाही, तेव्हा मी पहिल्यांदा चहा घेतला.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून घेतलं आणि कागदावर गोल गोल काढून दाखवलं. किडनीत बारीक चाळण्यांसारखे गुंतवळे असतात, रक्त त्यातून गाळलं जातं. मालकांच्या चाळण्यांच्या भिंती जाड झाल्या होत्या. काहींत गोल गाठी झाल्या होत्या, काही पूर्ण वाळून निबर झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी नुसता व्रण राहिला होता. भिंती जाड असल्या तरी त्यांच्यातून प्रोटीन मात्र गळत होतं, तोच फेस. रक्तवाहिन्याही कडक झालेल्या. हे सगळं साखरेचं आणि रक्तदाबाचं, आणि हे वर्षानुवर्षं चाललं असणार, म्हणाल्या. खडेही दिसले होते, पण थोडे.

"म्हंजे हळदीनं न्हाई केलं," मालक म्हणाले.

"हळदीने भर घातली. आणि हळद लागू पडते आहे असं वाटल्यामुळे तुम्ही तपासणीला आला नाहीत. ते नुकसान जास्त मोठं."

त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटकेची छटा आली होती ती गेली. मला त्यांचा इतका राग आला होता की मी डॉक्टरांच्या समोरच म्हणाले, "हळद निर्दोष सुटली म्हणून पेढे वाटू का आता?" डॉक्टर हसल्या नाहीत. मालक माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "वाट." मग मलाच रडायला आलं आणि हसायलाही.

त्यांनी विचारलेला पुढचा प्रश्न शहाण्या माणसाचा होता. निबर झालेलं परत मऊ होतं का? डॉक्टर म्हणाल्या, नाही. खड्यांमुळे जे अडलंय त्यातलं थोडं कदाचित सुटेल. व्रण झालेलं परत येत नाही. निम्म्याच्या खाली काम उरलंय. ते जपलं तर बरीच वर्षं पुरेल, नाही जपलं तर डायलिसिसचं मशीन फार लांब नाही. मालक मान हलवत म्हणाले, "शिजलेला कंद लावला तर कोंब येत न्हाई. कळलं." डॉक्टरांना ते आवडलं असावं, त्यांनी पुन्हा समजावलं नाही.

मग पथ्याचा आणि गोळ्यांचा काळ सुरू झाला. रक्तदाबाची गोळी, प्रोटीन गळणं कमी करणारी गोळी, लघवीवाटे साखर बाहेर टाकून किडनीलाही सांभाळणारी एक नवी गोळी. जुन्या साखरेच्या गोळ्या बदलल्या. दुखण्याची गोळी घरातूनच हद्दपार केली. भाजीतली चिमूटभर हळद चालेल म्हणाल्या, चूर्ण नाही. मीठ कमी, म्हणजे लोणचं, पापड, ठेचा गेला. आमच्या घरात ठेच्याशिवाय जेवण म्हणजे शिक्षा. पण मी मनाशी ठरवलं होतं की या माणसाला मी मशीनला लावू देणार नाही. मी एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांच्या ताटात काय पडतं ते मी वाढताना नाही, ते जेवताना बघायची. लग्नाच्या पंगतीतसुद्धा समोर जाऊन बसायची आणि त्यांनी पापडाला हात लावला की खाकरायची. लोक हसायचे. हसू देत.

चूर्णाचा डबा त्यांनी स्वतः उकिरड्यावर रिकामा केला. पण ज्यांनी पुड्या नेल्या होत्या त्यांचं काय, हे त्यांना खात होतं. ज्याला त्याला गाठून ते सांगायला लागले. चुकलेलं सांगायची सवय नसल्याने त्यांना ते जड जायचं, मध्येच ते बेण्याच्या भावावर घसरायचे. सगळ्यात जास्त घोर त्यांना तांड्यावरच्या बाईचा होता, कारण तिला त्यांनी गोळ्या बंद कर असंही सांगितलं होतं. आम्ही दोघं तिच्या दारी गेलो. ती शेळीला पाला घालत होती. मालक अंगणातच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी तुला चूर्ण देलं ते चुकीचं व्हतं. माझ्या किडनीला झालं. तू गोळ्या चालू कर आन तपासून घे."

बाई पाल्याची पेंढी तशीच हातात धरून म्हणाली, "दादा, म्या तं दोनच दिस खाल्लं. लई कडू. मंग म्हैस व्याली व्हती, तिला घातलं."

"आन गोळ्या?"

"गोळ्या म्या सोडल्याच न्हाई. तुमाला वाईट वाटंल म्हून सांगलं न्हाई."

मालकांना इतकं हायसं वाटलं की ते शेळीजवळच्या दगडावर बसले. परत येताना मात्र मध्येच थांबले. म्हणाले, "म्हशीला घातलं म्हंते." त्या दिवशी मला माझी जागा मिळाली, आणि मी ती नीट वापरली. घरी पोचेपर्यंत मी बोलत होते.

दर तीन महिन्यांनी नांदेडला जायचं. आकडे आले की डॉक्टर काय म्हणतात त्याकडे माझं लक्ष नसायचं, मी त्यांचा चेहरा बघायची. काम थोडं सुधारलं आणि मग जवळजवळ तिथेच राहिलं. पायावरची सूज उतरली. तरी डॉक्टर दरवेळी एक सांगायच्या, हे हळूहळू उतरणारच आहे, आपण फक्त वेग कमी करतोय. पुढे कधीतरी, लवकर नाही, पण मशीन किंवा दुसऱ्याची किडनी बसवणं, यातलं काही लागेल.

दुसऱ्याची म्हणजे कुणाची, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. बायकोची चालते हे मी बाहेर बसलेल्या बायकांकडून ऐकलं होतं. मी त्याबद्दल कुणाशी बोलले नाही, लेकीशीही नाही. पण त्या दिवसापासून मी निराळीच चालायला लागले. यांची वाईट झाली तरी माझ्याजवळ दोन आहेत, दोन्ही चांगल्या. मी धडधाकट, स्वतःसाठी कधी दवाखान्याची पायरी चढले नाही, बाळंतपणंसुद्धा घरीच झालेली. हळद काढायला दिवसभर वाकते आणि संध्याकाळी स्वयंपाक करते. आमच्याकडे पुढच्या वर्षाचं बेणं आधीच निवडून सावलीत राखून ठेवतात, मग बाजारात भाव कितीही चढो, घरच्या लोकांना झोप लागते. मला तशी झोप लागायची.

एका खेपेला मी डॉक्टरांना सरळ म्हणाले, "माझी तपासून ठेवा. यांना लागंल तवा धावपळ नको."

मालक दचकले. "काहून? मला न्हाई पायजे कुणाची."

"तुमाला कोण विचारून राहिलं?"

डॉक्टर म्हणाल्या, अजून त्याची वेळ आलेली नाही, आणि आली की फार तपासण्या असतात. मी ऐकेना. शेवटी त्या म्हणाल्या, बरं, साधं रक्त आणि लघवी तर देऊन जा, तुमच्या वयात ते केलंच पाहिजे. मी इतक्या खुशीत रक्त दिलं की सुई टोचणारी मुलगी म्हणाली, मावशी, तुम्हाला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

दुपारनंतर डॉक्टरांनी आत बोलावलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, सवयीने. मग ध्यानात आलं की आज त्या मालकांकडे बघतच नाहीत.

"काकू, तुमची तीन महिन्यांची साखर बरीच वाढलेली आहे. हे नवीन नसावं, काही वर्षांचं असेल, कुणी तपासलंच नाही. लघवीत प्रोटीनही दिसतंय, थोडं. अगदी सुरुवात आहे. आत्ता धरलं तर तुमच्या किडन्या चांगल्या राहतील. पण त्या दुसऱ्याला देता येणार नाहीत."

मी म्हणाले, "पुन्हा पाहा."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. पुन्हा काय पाहायचं होतं. साखर झाली याचं मला फारसं वाटलं नाही. साखरेबरोबर कसं राहायचं ते मला पाठ होतं. यांना गोड बंद झाल्यापासून सणावाराला यांच्या वाटणीचंही मीच खात आले होते, टाकायचं कसं म्हणून. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. माझ्याजवळ यांच्यासाठी काहीतरी राखलेलं आहे, या एका भरवशावर मी इतके महिने मान वर करून फिरत होते. पथ्याची भांडणं, मिठाची भांडणं, सगळी मी त्या जोरावर केली होती. आता माझ्याजवळ देण्यासारखं काहीच राहिलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला आणि त्या खुर्चीवर बसून रडले. मशीनचं नाव ऐकून मी रडले नव्हते.

मालकांनी मला रडू दिलं. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. डॉक्टरांशी ते आजवर कधी वाद घातल्याशिवाय बोलले नव्हते.

"डॉक्टर, माझं जेवढं राह्यलं तेवढ्यावर मी भागवतो. हिच्या कोणत्या गोळ्या, काय पथ्य, कवा तपासाचं, ते मला सांगा. हिला न्हाई. ही इसरंल. हिनं आजवर स्वतःचं कायबी पाहिलं न्हाई, आन मीबी पाहिलं न्हाई."

डॉक्टर सांगत गेल्या आणि ते एकेक गोष्ट परत म्हणून घेत गेले. लघवीची तपासणी कधी, रक्तदाब किती पाहिजे, मीठ किती. फेसाबद्दल त्यांनी स्वतः विचारलं.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "आता तुमाला कोण देईल?"

ते माझी पिशवी घेऊन चालत होते. थांबले नाहीत. म्हणाले, "मला किडनी नको. मला तू पायजेस. चल, गाडी निघून जाईल."